इंग्लंडमधल्या जुन्या कारागिरांची मृत्युपत्रं कशी वाचायची
लोहार, सुतार, विणकर अशा साध्या माणसांनी मागे काय ठेवलं नि कुणाला दिलं हे शोधायचंय तर आधी मृत्यूचं साल बघा, कारण १८५८ पर्यंत तिकडे मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टात मंजूर व्हायची, त्यामुळे रेकॉर्ड बहुतेक त्या त्या काउंटीच्या अर्काइव्हमध्ये असतं.

मृत्युपत्र मिळालं तरी थांबू नका, सोबतची इन्व्हेंटरी, म्हणजे मेलेल्या माणसाच्या सामानाची यादी, शोधाच, खरा खजिना तिथेच आहे! शेजारीपाजारी खोल्याखोल्यांतून फिरून अंथरुणं, भांडी, अवजारं, अर्धवट झालेला माल, येणं असलेली उधारी सगळ्याची किंमत लिहायचे. मालकीची जमीन मात्र त्यात धरत नसत, म्हणून यादी छोटी दिसली की माणूस गरीब होता असं लगेच ठरवू नका. १७५० नंतर या याद्या फार कमी सापडतात.

अवजारं कुणाला गेली ते नीट बघा, मुलगा, पुतण्या की हाताखालचा शिकाऊ, धंदा पुढे कुणी चालवला याचा अंदाज त्यावरूनच येतो. एखाद्या मुलाला फक्त १ शिलिंग दिलेला दिसला तर भांडणच होतं असं नाही हं, बरेचदा त्याचा वाटा आधीच देऊन झालेला असायचा.

आणि तारखा जपून, १७५२ आधी तिकडे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे फेब्रुवारी १६९० लिहिलं असेल तर आपल्या हिशोबाने ते १६९१.