सिडनी ते पर्थ: बॅग भरायच्या आधी घड्याळाचं गणित

सिडनीहून पर्थला निघताय तर बॅग नंतर भरा, आधी कागद-पेन घेऊन वेळेचं गणित करा, कारण तिथल्या उन्हाळ्यात तिकिटावर सकाळी ९ ला निघून ११ ला पोचणार असं दिसतं आणि माणसाला वाटतं दोनच तास तर आहेत, पण विमानात बसायचंय चांगलं पाच तास. दोन्ही शहरं समुद्राकाठची खरी, पण एक पॅसिफिकच्या बाजूला आणि दुसरं हिंदी महासागराच्या, मध्ये अख्खा ऑस्ट्रेलिया, सरळ उडून गेलं तरी जवळजवळ ३,३०० किमी. ट्रेनने जायचं म्हटलं तर ४,३५२ किमी आणि तीन रात्री लागतात, वेळ असेल तर तेही जरूर करा, पण ती तयारी वेगळी.

तर गणित असं की पर्थ सिडनीच्या दोन तास मागे असतं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत तीन तास, कारण सिडनीत घड्याळं पुढे करतात, पर्थला नाही करत. येताना सगळं उलटं होतं. वारं पश्चिमेकडून असतं, जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर, म्हणून परतीला साधारण चार तासच लागतात, तरी उन्हाळ्यात तिकिटावर सकाळी ९ ते दुपारी ४ असे सात तास दिसतात. हे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

बरोबर वयस्कर माणसं असतील तर पहिलं काम गोळ्यांचं. आमच्या सासूबाईंची रात्री ८ ची गोळी उन्हाळ्यात पर्थच्या घड्याळात संध्याकाळी ५ ला येते, मग ती ५ ला घ्यायची की हळूहळू पुढे सरकवायची हे डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारून घ्या, आणि गोळ्यांची स्ट्रिप हातातल्या पर्समध्येच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. खाण्याचं पण बघा, पोचल्यावर तिथे ११ वाजलेले असतात पण पोटाला दुपारचे २ झालेले असतात.

फळं, भाज्या आणि मध घरीच ठेवा. देशातल्या देशातच चाललोय म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे क्वारंटाइनचे नियम वेगळे आहेत, आणि मी स्वतः पर्थला उतरल्यावर आईंनी जपून आणलेली मधाची न उघडलेली बाटली तिथल्या डब्यात टाकलीये, त्यांचा चेहरा अजून आठवतो. तिथल्या मधमाश्यांना बाहेरचे रोग लागू नयेत म्हणून हे असतं, तेव्हा वाद घालू नका.

परतीला रात्रीचं विमान घेणार असाल तर नीट विचार करा. सिडनी विमानतळावर रात्री ११ ते सकाळी ६ कर्फ्यू असतो, त्यामुळे पर्थहून रात्री उशिरा निघालेली विमानं सहाच्या पुढे उतरतात, झोप मिळते जेमतेम तीन तास, त्यामुळे मानेची उशी आणि जॅकेट हाताशी ठेवा आणि त्या दिवशी सकाळची मीटिंग ठेवू नका.

पर्थला टर्मिनल दोन वेगवेगळ्या बाजूंना आहेत, १-२ एकीकडे आणि ३-४ दुसरीकडे, मधे चालत जाण्यासारखं अंतर नाही, म्हणून न्यायला येणाऱ्याला मेसेज करताना टर्मिनलचा नंबर लिहा आणि वेळेपुढे "पर्थची वेळ" असं स्पष्ट लिहा.