ईमॅक्समध्ये देवनागरी फॉन्ट कोडने कसे शोधायचे

डीटीपीचं काम झालेल्या संगणकावर फॉन्टांचा ढीग असतो आणि त्यात जुने श्रीलिपी, कृतिदेव हमखास असतात. ते मराठी दिसतात, पण त्यांत देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून युनिकोड मजकुराला त्यांचा उपयोग नाही. मराठी किंवा अहिराणी लिहायचं असेल तर फॉन्ट नावावरून निवडू नका, लिपीवरून शोधा. (खालच्या आज्ञा टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहा.)

ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या स्क्रॅच बफरमध्ये (आज्ञा करून पाहायच्या कोऱ्या पानावर) ही ओळ लिहा:

(फॉन्ट-फॅमिली-लिस्ट)

शेवटच्या कंसापुढे कर्सर ठेवून कंट्रोल-जे दाबा. पहिली १२ नावं दिसून पुढे तीन टिंबं येतील. यादी तेवढीच नाही, छापण्याची मर्यादा १२ आहे. आधी कंट्रोल-यू, मग ० आणि मग कंट्रोल-जे दाबलं की सगळी उतरते. काही नावं दोनदा येतील, त्यासाठी यादी सेक-युनिक या दुहेरी नावं गाळणाऱ्या फंक्शनमधून काढा.

पण ही झाली सगळ्या फॉन्टांची यादी. आपल्याला हवी ती ही:

(लिस्ट-फॉन्ट्स (फॉन्ट-स्पेक :स्क्रिप्ट 'देवनागरी))

यात कृतिदेवसारखे फॉन्ट गळून पडतात. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एफसी-लिस्ट :लँग=एमआर ही आज्ञा मराठी चालणारे फॉन्ट दाखवते; दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. नवा फॉन्ट टाकला असेल तर एफसी-कॅश -एफ चालवून ईमॅक्स बंद करून पुन्हा उघडा.

आता इनिट फाइल, म्हणजे उघडताना ईमॅक्स वाचतो ती सेटिंगची फाइल. फॉन्ट आहे की नाही हे तपासूनच तो लावा:

(व्हेन (फाइंड-फॉन्ट (फॉन्ट-स्पेक :फॅमिली "नोटो सॅन्स देवनागरी"))
  (सेट-फॉन्टसेट-फॉन्ट टी 'देवनागरी "नोटो सॅन्स देवनागरी"))

देवनागरी फॉन्ट डीफॉल्ट फेसला (सगळ्या मजकुराच्या मूळ रूपाला) लावू नका. इंग्रजी कोडचे रकाने वाकडे होतात. फॉन्टसेटमुळे (कोणत्या लिपीला कोणता फॉन्ट, या नोंदीमुळे) फक्त देवनागरी अक्षरंच त्या फॉन्टात जातात.

सगळ्यात जास्त घोळ डेमनमध्ये, म्हणजे ईमॅक्स पडद्यामागे चालू ठेवला की होतो. ईमॅक्स डेमन म्हणून सुरू होताना खिडकीच नसते, त्यामुळे फॉन्टांची यादी निल (रिकामी) येते आणि वरची अट गुपचूप फसते. टर्मिनलमध्येही तेच. डेमनसाठी उपाय असा: वरचा कोड एका फंक्शनमध्ये घालून ते सर्व्हर-आफ्टर-मेक-फ्रेम-हुक ला जोडा, म्हणजे खिडकी उघडल्यावर ते चालेल. हा हुक ईमॅक्सच्या आवृत्ती २७ पासून आहे. जोडाक्षरं नीट जुळवणाऱ्या हार्फबझचा आधारही तेव्हापासूनच आहे, म्हणून त्याआधीची आवृत्ती ठेवण्यात अर्थ नाही.

शेवटी परीक्षा. "मी जळगावले जाई ऱ्हायनू" असं टाइप करा. "ऱ्ह" मधला र आडव्या डोळ्याच्या पापणीसारखा दिसला पाहिजे. तो ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला तर फॉन्टला दोष देण्याआधी टाइप केलेलं पाहा: साधा र नव्हे, नुक्तावाला ऱ लागतो, मग हलन्त, मग ह. बरोबर टाइप करूनही पापणी आली नाही, तर अक्षरावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि = दाबा. उघडणाऱ्या खिडकीत प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टचं नाव असतं. ते तुम्ही लावलेल्याहून वेगळं निघालं तर आधी इनिटमधल्या नावाचं स्पेलिंग यादीशी ताडून पाहा.