रिमिक्सवर भांडायचं कसं

चिंचवडला आमच्या गच्चीवर महिन्यातल्या एका शनिवारी सहा-सात जण जमतात. दोन स्पीकर, एक मिक्सर, चटई, चिवड्याचा डबा आणि हाऊस-टेक्नो या मशीनच्या ठेक्यावरच्या नाचाच्या संगीताचं वेड लागलेली, चाळिशी ओलांडलेली माणसं. माझा धंदा साउंड भाड्याने द्यायचा. लग्न, गॅदरिंग, गणपती, जे येईल ते. शनिवारी मात्र मला हवं तेच वाजतं.

गेल्या पावसाळ्यात इथे एका रिमिक्सवरून असं भांडण पेटलं की दोघं जण तीन आठवडे बोलत नव्हते. चार्टमधल्या, म्हणजे खपाच्या यादीतल्या, एका पॉप गाण्याचा आफ्रो हाऊस, म्हणजे आफ्रिकन तालांवर बेतलेल्या हाऊसचा, रिमिक्स कुणीतरी लावला. एक म्हणाला, हे रिमिक्सवाले बाजाराला विकले गेलेत. दुसरा म्हणाला, पाय हलतोय ना तुझा, मग गप बस. दोघांनाही आपलं म्हणणं सिद्ध करता येईना, म्हणून आवाज चढले. त्यानंतर मी स्पीकरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काही नियम लिहून गच्चीच्या दाराला अडकवले. भांडणं अजून होतात, पण आता त्यातून काहीतरी ऐकायला मिळतं. तुमच्याकडेही असं टोळकं असेल तर करून बघा.

आधी कशाबद्दल बोलतोय ते ठरवा. मराठी घरात ‘रिमिक्स’ हा शब्दच बदनाम. १९७२ च्या ‘समाधी’मधलं लताबाईंचं ‘कांटा लगा’ २००२ मध्ये नव्या अवतारात टीव्हीवर आलं, तेव्हापासून माझी आई रिमिक्स हा शब्द ‘भेसळ’ म्हणावं तसा उच्चारते. ‘डीजे’चंही तेच. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नाही, ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. मी ती भिंत भाड्याने देतो, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. पण आपल्या भांडणापुरते शब्द साफ हवेत. रेडिओ एडिट म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आसपासचं, गाण्याला लगेच हात घालणारं. एक्स्टेंडेड म्हणजे आधी-नंतर नुसत्या ठेक्याची जागा सोडलेलं, दुसऱ्या ट्रॅकमध्ये मिसळता येईल असं. डब म्हणजे गाणाऱ्याला जवळजवळ बाहेर काढून बेस आणि ठेका पुढे आणलेलं. बूटलेग म्हणजे कुणाला न विचारता केलेलं. एकाच रिमिक्सकाराने एकाच गाण्याचे यातले तीन प्रकार केलेले असतात. आमची निम्मी भांडणं अशी मिटली की एकाने रेडिओ एडिट ऐकली होती आणि दुसऱ्याने डब.

म्हणून नियम पहिला: डब ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

याला उदाहरण हवं तर नाइटक्रॉलर्सचं ‘पुश द फीलिंग ऑन’ घ्या. ग्लासगोच्या जॉन रीडचा हा गट. मूळ गाणं बरं आहे, पण लक्षात राहावं असं त्यात फारसं काही नाही. डेट्रॉइटच्या मार्क किंचेनने, म्हणजे एमकेने, त्याचा डब केला. त्यात त्याने आवाजाचे इतके बारीक तुकडे पाडले की एकही शब्द धड उरला नाही. अर्धं अक्षर, एक श्वास, एखाद्या स्वराची शेपटी. हे तुकडे सॅम्पलरवर, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज हव्या त्या सुरात वाजवणाऱ्या यंत्रावर, टाकून पेटीच्या पट्ट्या दाबाव्यात तशी त्यांची धून वाजवली. हेडफोन लावून एक मिनिट शब्द पकडायचा प्रयत्न करा, हाती काही लागत नाही, आणि तरी तुम्ही सोबत गुणगुणताय. हा प्रकार क्लबवाल्यांसाठी केलेला, तो १९९५ मध्ये ब्रिटनच्या चार्टात तिसऱ्या नंबरावर गेला. सगळ्यांत विचित्र रूप सगळ्यांत जास्त लोकांनी उचललं. ‘लोकांना आवडलं म्हणजे सोपं केलं असणार’ असं कुणी म्हणालं की मी हे लावतो. तीच धून २००९ मध्ये अमेरिकन रॅपर पिटबुलच्या ‘हॉटेल रूम सर्व्हिस’मध्ये आली, तिच्यावर काय भांडायचं ते भांडा. पण भांडण २००९ वर करा, एमकेवर नको.

दुसरा नियम, मूळ गाणं पूर्ण ऐकायचं. मग विचारायचं: याने गाणं राखलं की मोडलं? दोन्ही चालतं, पण काय केलं ते ओळखता आलं पाहिजे.

राखणाऱ्यांत टॉड टेरी. एव्हरीथिंग बट द गर्ल या ब्रिटिश जोडीचं ‘मिसिंग’ १९९४ चं, हळवं, ट्रेसी थॉर्नच्या आवाजावर उभं. न्यूयॉर्कच्या टेरीने त्या आवाजाला धक्का लावला नाही, खाली दणकट ठेका आणि बेस घातला. चाल उदासच राहिली आणि उदासीवर लोक नाचायला लागले. ते अमेरिकेत दुसऱ्या नंबरापर्यंत चढलं. मला यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. त्याच जोडीने १९९६ मध्ये ‘वॉकिंग वूंडेड’ हा अल्बम केला आणि त्यात सरळ ड्रम अँड बेस या वेगवान, तुटक ठेक्याच्या क्लब संगीताकडे वळले. आपण नेहमी धरून चालतो की क्रॉसओव्हर म्हणजे क्लबमधलं आपलं माणूस पळून पॉपवाल्यांत गेलं. इथे त्यांचं माणूस आपल्यात आलं.

मोडणाऱ्यांत आर्मंड व्हॅन हेल्डन. अमेरिकन गायिका टोरी एमोसचं ‘प्रोफेशनल विडो’ मूळचं हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावरचं, चिडलेलं गाणं. त्याने त्यातल्या एक-दोन ओळी ठेवल्या, बाकी सगळं भंगारात काढलं आणि एका गुबगुबीत बेसलाइनवर नवं घर बांधलं. जानेवारी १९९७ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं. एमोसच्या चाहत्यांना राग आला असेल तर मी समजू शकतो. पण क्लबवाल्याने ‘हे पॉप गाणं आहे’ म्हणून नाक मुरडायचं असेल तर त्यात पॉप उरलंय कुठे ते आधी दाखवावं.

तिसरा प्रकार आपल्या जवळचा. कॉर्नरशॉप या ब्रिटिश गटाचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. आशा म्हणजे आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशाताईच. १९९७ मध्ये मूळ गाणं ब्रिटनमध्ये साठाव्या नंबरावर अडकलं. मग नॉर्मन कुकने, म्हणजे फॅटबॉय स्लिमने, त्याचा वेग वाढवला, सूर वर नेला, खाली ड्रम घातले आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पहिल्या नंबरावर. माझं मत विचाराल तर रिमिक्स मस्त आहे आणि मूळ त्याहून मस्त आहे. मूळ गाणं रेलून बसल्यासारखं डुलतं. कुकने त्याला लोकलमागे पळायला लावलं. गच्चीवर याबाबतीत मी एकटा आहे, आणि असू दे.

आता मुख्य काम. नावं झाकून ऐकायचं. याची पद्धत सांगतो, कारण आळस केला तर उपयोग नाही. एकाने पेनड्राइव्ह भरायचा आणि त्याला त्या दिवशी मत नाही. बारा ट्रॅक, फायलींची नावं बदलून १ ते १२. चार नावाजलेल्या अंडरग्राउंड, म्हणजे चार्टच्या नादी न लागणाऱ्या, लेबलांचे, चार चार्टमधले रिमिक्स, चार कुणीच न ऐकलेले. सगळ्यांचा आवाज सारखा करून घ्यायचा, हे फार महत्त्वाचं. जरासा मोठा वाजणारा ट्रॅक कानाला उगाचच चांगला वाटतो. आम्ही पहिल्यांदा हे विसरलो आणि सगळ्यांत कर्कश ट्रॅक जिंकला. मिक्सरचा मीटर बघून गेन, म्हणजे आत येणारा आवाज, लावा आणि मगच सुरू करा.

प्रत्येक ट्रॅक दुसऱ्या मिनिटापासून लावायचा, गाणारा शक्यतो गप्प असेल तिथून. एक मिनिट ऐकायचं आणि चिठ्ठीवर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: हा तुम्ही किती वाजता लावाल? चांगला की वाईट असं विचारलं तर लोक स्वतःची इज्जत सांभाळून उत्तर देतात. वेळ विचारली की खरं बोलतात. ‘साडेअकरा, लोक नुकतेच आलेत.’ ‘पहाटे तीन.’ ‘कधीच नाही, पार्टी संपून दिवे लागल्यावरसुद्धा नाही.’ मग चिठ्ठ्या उघडायच्या आणि नावं सांगायची.

ऑगस्टमध्ये मी सात नंबरला लिहिलं, ‘पहाटे दोन, आणि दोनदा लावेन.’ सात नंबर म्हणजे ज्याच्या नावाने मी महिनाभर शंख करत होतो त्या रिमिक्सचा डब निघाला. त्या रात्री चिवडा मला कुणी दिला नाही.

माझ्या धंद्यातली एक परीक्षा सांगतो, ती फसत नाही. ट्रॅक आधी फोनच्या स्पीकरवर लावा आणि मग अठरा इंची बेसच्या स्पीकरवर. फोनवर होता तसाच मोठ्या बेसवर राहिला, नुसता जोर वाढला, तर तो फोनसाठी केलेला. असा बेस जरा वरच्या पट्टीत भरलेला असतो, म्हणजे छोट्या स्पीकरला झेपावा. खाली काही नसतं. स्पीकरच्या जाळीला तळहात लावा, वारा येत नाही. क्लबसाठी केलेला ट्रॅक याच्या उलट वागतो. फोनवर पोकळ, अर्धा हरवलेला, आणि बेसवर लावला की छातीत उतरतो. मग मिक्सरवर मोनो करा, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करा. मोठ्या सिस्टीम बऱ्याचदा मोनोच लावलेल्या असतात. मोनो करताच बेस खचला तर रिमिक्सकाराने तो मोठ्या सिस्टीमवर ऐकलेलाच नाही असं समजा. यात अंडरग्राउंडवालेही भरपूर सापडतात, त्यांची गय करू नका.

सुरुवातही मोजा. ठेके बत्तीस-बत्तीसच्या घरात बसतात. मिसळायला निदान एक घर नुसत्या ठेक्याचं हवं, दोन असतील तर उत्तम. हल्ली कित्येक ट्रॅक पहिल्या सेकंदाला गाणं सुरू करतात, कारण स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्यावरच एक वेळ मोजली जाते आणि तेवढ्यात माणूस पळू नये अशी धडपड. यावर चिडायचं तर जरूर चिडा, पण आधी एक्स्टेंडेड शोधा. नाचायच्या जागेसाठी गाणं लांबवायची रीत जुनी आहे. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्टर गिबन्सने डबल एक्सपोजरचं ‘टेन पर्सेंट’ तिप्पट ताणलं, आणि दुकानात विकायला आलेली पहिली बारा इंची सिंगल म्हणून ती तबकडी ओळखली जाते.

ज्या आफ्रो हाऊसवरून आमच्यात पेटलं होतं त्यावर माझा नियम वेगळा आहे. ट्रेंड आला म्हणून नाक मुरडू नका, श्रेयाची ओळ वाचा. हा बाज दक्षिण आफ्रिकेत वाढला, तिथल्या ब्लॅक कॉफीला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. २०२४ मध्ये बर्लिनच्या काइनेमुझिकवाल्यांचं ‘मूव्ह’ जगभर वाजलं. ते ऐकायला गोड आहे, मीही लावलंय. पण त्यानंतर लाकडी तालवाद्याचं एक लूप आणि कुणीतरी हुंकार भरतोय एवढ्यावर ‘आफ्रो’ची चिठ्ठी डकवलेले जे रिमिक्स आले, त्यांत वादक कोण, गाणारा कोण, पैसे कुणाला, हे विचारा. त्या प्रश्नावर भांडण झालं तर होऊ दे.

‘हे खरं अंडरग्राउंड’ म्हणणाऱ्याला आम्ही चरणजित सिंग ऐकवतो. मुंबईचे सिनेसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीच्या सिंथेसायझरवर राग वाजवून, खाली तिच्याच ३०३ चा बेस आणि ८०८ या यंत्राचा ठेका लावून ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ काढलं. त्याच ३०३ च्या आवाजावर उभ्या राहिलेल्या अ‍ॅसिड हाऊस या बाजाची पहिली तबकडी मानलं जाणारं, शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं ते १९८७ मध्ये. २०१० मध्ये तबकडी नव्याने निघाली तेव्हा जग थक्क झालं. पण नावातच ‘डिस्को’ घातलेला माणूस तळघरात लपायला निघाला नव्हता. त्याला खपायचंच होतं, खपलं नाही एवढंच.

शेवटचा नियम दंडाचा. ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे वाक्य उच्चारलं की वीस रुपये डब्यात. आमच्यातला एक जण गोव्यातल्या हणजुण्याच्या जुन्या पार्ट्यांच्या रात्रींची आठवण काढतो, तेव्हा वाक्य अर्ध्यावर आलं की सगळे डब्याकडे बघतात आणि तो गिळतो. दहा वाजता आवाज बंद, कारण खालच्या मजल्यावरच्या काकू आणि कायदा, दोघांचंही मत तेच आहे. त्यानंतरचं भांडण जिन्यात, हळू आवाजात.

सध्या डब्यात ३४० रुपये आहेत, त्यातले २०० माझे. पुढच्या शनिवारी पेनड्राइव्ह भरायची पाळी माझी. चार नंबरला कॉर्नरशॉपचं मूळ गाणं टाकतोय. माझं मत नसेल, पण चिठ्ठ्या मीच उघडणार आहे.