वसंतात केस मोकळे सोडून अंगणात चाला

चिनी पंचांगात वसंत ४ फेब्रुवारीच्या सुमारास, ‘लीछुन’ या दिवशी सुरू होतो. बीजिंगमध्ये तेव्हा कडाक्याची थंडी असते, म्हणूनच तिकडचे जुने लोक बजावतात: वसंत आला म्हणून लगेच गरम कपडे उतरवू नका.

चिनी वैद्यकात हा ऋतू ‘काष्ठ’ तत्त्वाचा, म्हणजे कोंब फुटण्याचा, आणि त्याच्याशी जोडलेला अवयव यकृत. हे यकृत म्हणजे रक्ततपासणीतलं यकृत नव्हे. त्याला शरीराचा सेनापती मानलंय, आखणी त्याची. त्याच्या ऊर्जेची वाट तुंबली की माणूस चिडचिडा होतो, असं हे शास्त्र सांगतं. नवं काही शिकायचं, अडलेलं काम हाती घ्यायचं, तर काळ हाच.

‘हुआंगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकाच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातला वसंताचा दिनक्रम मला फार आवडतो: रात्री थोडं उशिरा झोपा, पहाटे उठा, केस मोकळे सोडून अंगणात ऐसपैस चाला, मनात इच्छा उमलू द्या. शिक्षा नको, बक्षीस द्या. हे शेवटचं स्वतःलाही लावून बघा. वर्षाचा संकल्प जानेवारीतच मोडला असेल तर स्वतःला बोल लावत बसू नका. त्यातलं एकच काम निवडा आणि रोज सकाळी चालून आल्यावर वीस मिनिटं त्याला द्या.

जेवणात आंबट कमी, किंचित गोडसर जास्त. शिवाय पातीचा कांदा, कोथिंबीर. मात्र खरोखरच यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टर.