घरी रिसर्चवाल्या सिस्टर आल्या तर सही करायच्या आधी

आमच्या खानापूर साईडला काय, चिक्कोडी-हुक्केरीकडं काय, घरात सून गरोदर आहे म्हटलं की कधी आशाताईबरोबर एखादी सिस्टर येते, सगळी माहिती लिहून घेते आणि शेवटी म्हणते, अभ्यास चाललाय, इथं सही करा. सासू म्हणते नको गं बाई, कसल्या गोळ्या देतील काय की, आणि सून न वाचताच सही करून मोकळी. दोघींचंबी चुकतंय.

हाकलून तर देऊ नका. 2002 ते 2005 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या चार पीएचसींच्या (प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या) हद्दीत, बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजनं अमेरिकेतल्या विद्यापीठाबरोबर 1,620 बायकांवर ट्रायल केली, बाळंत झाल्याझाल्या मिसोप्रोस्टॉल, म्हणजे जास्त रक्त जाऊ नये म्हणूनची गोळी द्यायची, निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना नुसती तशी दिसणारी. अंगावरनं जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरनं 6.4 वर आलं! नेहमीच्या इंजेक्शनला थंडावा लागतो, टोचणारं माणूस लागतं, गोळीला दोन्ही नको, म्हणून घरच्या बाळंतपणात नर्सबाईला ती देता आली. 2011 ला डब्ल्यूएचओनं ह्याच कामासाठी ती आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. म्हणजे आपल्या गावातल्या बायकांमुळं आफ्रिकेतल्या बायकांचंबी भलं झालं, पण हे कुणी सांगत नाही.

आता सहीचं. फॉर्म कन्नडमध्ये असंल आणि वाचता येत नसंल तर लाजू नका, मराठी द्या म्हणायचं, आपल्याला कळणाऱ्या भाषेत माहिती मिळणं हा हक्क आहे, उपकार नव्हे. वाचताच येत नसंल तर त्यांच्या टीमबाहेरचं कुणीतरी साक्षीला बसवायचं. मग सरळ विचारायचं, खरी गोळी मिळणार का चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार? किती दिवस खायची? (दिवस भरायच्या आधी बाळंतपण होऊ नये म्हणून केलेल्या अ‍ॅस्पिरिनच्या एका ट्रायलमध्ये पहिलटकरणींना रोज एक गोळी होती, पार 36 आठवडे भरेपर्यंत. 2020 ला निकाल आला, सहा देशांत मिळून जवळपास 12,000 बायका, त्यात आपलं बेळगावबी, आणि दिवस भरायच्या आधीची बाळंतपणं 13.1 वरनं 11.6 टक्क्यांवर आली.) काही झालं तर खर्च कुणाचा, रात्री फोन कुणाला करायचा, मधेच सोडलं तर दवाखान्यातली नेहमीची ट्रीटमेंट बंद होणार नाही ना, हे सगळं विचारा. रक्त घेतलं तर त्याचं पुढं काय करणार तेबी. सोडायला कारण द्यावं लागत नाही, कधीबी सोडता येतं.

औषधाची ट्रायल असंल तर सीटीआरआय (ट्रायलींची सरकारी नोंदवही) नंबर मागा, 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे, पोराला मोबाइलवर टाकून बघायला सांगा. अभ्यास नीट चाललाय ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन फॉर्मवरच असतो.

लगेच सही करा म्हणून घाई करत असतील तर उद्या या म्हणा. नवऱ्याला, आईला विचारून घ्या, पण ठरवायचं सुनेनं, सासूनं नव्हे.

आणि सही केलेल्या फॉर्मची कॉपी घ्याच, आमच्या वहिनीनं घेतली नव्हती, मग फोन नंबरसाठी गावभर फिरलो. थायी कार्डातच (गरोदरपणाचं सरकारी कार्ड) घालून ठेवा. झेरॉक्स नंतर देतो म्हणाले तर तिथल्या तिथं सगळ्या पानांचा फोटो काढा, दारात उजेडात धरून, आत काढला तर नंबर पुसट येतात.