निंबोळी तेल मारूनही कीड जात नाही? या चुका टाळा

ऑरगॅनिकला शिव्या घालण्याआधी एकदा स्वतःची स्प्रेची बाटली बघा, तेल वर तरंगतंय का? तरंगत असेल तर झाडाला अर्धा वेळ नुसतं पाणीच मिळतंय. आधी 5 मिली तेलात 1-2 मिली लिक्विड सोप घालून नीट घोटायचं, मग 1 लिटर पाणी थोडं थोडं ओतायचं, दुधाळ झालं की जमलं. कपड्यांची पावडर मात्र नको, मी एकदा लिंबाला मारली होती आणि कोवळे शेंडे पार करपले. कालवलेलं त्याच दिवशी संपवा.

फवारायचं संध्याकाळी, आणि पानाच्या खालून! कीड तिथे बसते आणि आपण वरून आंघोळ घालत बसतो. दुसऱ्या दिवशी मावा (कोवळ्या पालवीचा रस शोषणारी बारीक कीड) जिवंत दिसला की डबल डोस देऊ नका, निंबोळी झटक्यात मारत नाही, किडीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवते, म्हणून 7-10 दिवसांनी परत एकदा मारायचं. फुलोऱ्यावर नाही, मधमाश्या येतात तिथे.

आता मुंग्या. खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसते आणि आपण म्हणतो, जाऊ दे, मुंग्याच तर आहेत. अहो, मावा आणि मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) गोड चिकट पाणी सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, लेडीबग (ही कीड खाणारा छोटा भुंगेरा) खायला आला की त्याला हुसकावतात, पानांवरची काळी काजळीसुद्धा त्याच चिकट्यावर धरते. खोडाला टेप गुंडाळून तिच्यावर चिकट ग्रीस लावा (सालीवर थेट नको), आणि रेलिंगला किंवा भिंतीला टेकलेली फांदी छाटा, नाहीतर मुंग्या त्या पुलावरून येतात आणि आपण खाली टेप बघत खूश!

अजून एक गंमत. मिलीबगच्या घोळक्यात एखादा मोठा, पांढऱ्या झिपऱ्यांचा आणि तुरुतुरु पळणारा दिसला तर चिरडू नका, ती बहुतेक क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी असते, मिलीबग खाणारी. खरा मिलीबग जागचा फारसा हलत नाही.

शेणखत, पेंड जास्त झाली की लुसलुशीत पालवी फुटते आणि मावा तिच्यावर तुटून पडतो, हातचं राखून घाला.

पेरूत अळ्या निघतात ती फळमाशी. तिचे ट्रॅप लावले की काम झालं असं वाटतं, पण मिथाइल युजेनॉलच्या (माशीला वासाने ओढणारं रसायन) ट्रॅपला फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी मोकळीच. म्हणून फळ हिरवं, कडक असतानाच कागदी पिशवी बांधा, पिवळं पडायला लागल्यावर बांधलीत तर अळी आधीच आत असते. गळलेली फळं कुंडीत पडू देऊ नका, अळ्या मातीत उतरून कोष करतात, तिथून परत माश्या. अशी फळं जाड काळ्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा, मगच कंपोस्टमध्ये.