नवं तंत्रज्ञान टिकेल की जाईल? पैसे घालण्याआधी असं पारखा

नवी वस्तू बाजारात आली की सल्ले दोनच मिळतात. 'आत्ताच घ्या, नाहीतर मागे पडाल' आणि 'थांबा, नव्याचे नऊ दिवस असतात.' दोन्ही ऐकून माझं नुकसान झालंय. तेवीस वर्षं कराडात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवतोय. या काळात जी पद्धत हाताशी बसली, ती सांगतो.

१. वस्तूचं नाव न घेता गरज सांगा

'हे काम मी आजही करतो, पण त्यात मला अमुक त्रास होतो,' असं एक वाक्य जुळवा. ते जुळलं नाही तर विषय तिथंच सोडा. २०१० च्या सुमारास थ्रीडी टीव्हीचा गाजावाजा झाला. त्याआधी 'चित्र सपाट दिसतं हो' अशी तक्रार घेऊन माझ्याकडे एकही गिऱ्हाईक आलेलं नव्हतं, तरी मी माल भरला. आपल्या घरांत टीव्हीसमोर जेवतात, मेथी निवडतात, उशी घेऊन आडवे होतात. चष्मा चढवून, ताठ बसून रोजची मालिका कोण बघणार? वर्षभरानं एका गिऱ्हाइकाच्या घरी स्टँड बदलायला गेलो. चारातले तीन चष्मे शोकेसमध्ये, कंपनीच्या पिशवीतून बाहेरही न काढलेले. २०१७ साली एलजी आणि सोनी या उरलेल्या मोठ्या कंपन्यांनीही थ्रीडी सोडून दिलं.

२. दुरुस्तीवाल्याला विचारा

सुटे भाग मिळतात का आणि गावात कुणी उघडून दुरुस्त करतं का, एवढंच.

३. किंमत कुठं चाललीय ते बघा

सरकारी खरेदीत एलईडी बल्ब २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडायचा, तो तीन-चार वर्षांत ४० रुपयांच्या आत आला. असा उतार दिसला की उशीर करू नका.

४. वस्तू आणि बदल वेगळे करा

इथं घाई करू नका. मी इथंच चुकलो आणि ती चूक मला दोन वर्षं पुरली.

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली. गल्ल्यात सुटे नाहीत, गिऱ्हाइकाच्या हातात दोन हजाराची नोट. मी धावपळ करून स्वाइप मशीन घेतलं. महिन्याचं भाडं, प्रत्येक व्यवहारावर कापून जाणारी टक्केवारी, कागदाचा रोल संपला की शोधाशोध. रेंज मिळावी म्हणून मशीन उचलून पायरीवर जायचं आणि गिऱ्हाईक पिन टाकायला मागून यायचं. उन्हाळ्यापर्यंत नोटा पुन्हा हातात खेळायला लागल्या आणि मशीन काउंटरखाली गेलं. मी ठरवून टाकलं की हे सगळं औट घटकेचं होतं. क्यूआर लावून देणारा मुलगा आला, त्यालाही मी परत पाठवलं.

एसटी स्टँडाबाहेरच्या पेरूवाल्यानं मात्र तराजूच्या दांडीला क्यूआर बांधला. माझ्याकडे नव्वद रुपयांचा चार्जर घ्यायला आलेला पोरगा 'फोनवरून घेत नाही?' म्हणून पलीकडच्या दुकानात जायचा. असे किती गेले ते मी मोजलेही नाहीत.

मी बघितलं ते मशीन. बदल मशीनमध्ये नव्हताच, तो होता सुट्या पैशांच्या कटकटीतून सुटण्यात. मशीनचा खर्च आणि त्रास दुकानदाराच्या डोक्यावर होता. क्यूआरला लागतो एक छापलेला कागद. फोन गिऱ्हाइकाचा, इंटरनेट गिऱ्हाइकाचं, आणि तेही सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून स्वस्त झालेलं. पुढं जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्कही शून्य झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातले यूपीआय व्यवहार हजार कोटींच्या वर गेले. एकाच गरजेवर एकाच वेळी दोन उपाय आले होते. त्यातला एक माझ्या काउंटरखाली गेला म्हणून मी गरजच मोडीत काढली.

म्हणून एखादी वस्तू पडली की लगेच 'फॅड होतं' म्हणू नका. ती कशापायी पडली ते शोधा. भाडं, वजन, चार्जिंग, रेंज यांपायी पडली असेल, तर त्याच गरजेवरचा हलका, स्वस्त उपाय कुठं येतोय यावर डोळा ठेवा. आणि गरजच नव्हती म्हणून पडली असेल, तर निर्धास्त विसरा.

वापर मोजायचा तोही सक्ती उठल्यावर आणि सवलत संपल्यावर. नोटाबंदीतली गर्दी खरी नव्हती, कॅशबॅकमागची गर्दीही खरी नव्हती. कॅशबॅक आटल्यावरही लोक स्कॅन करत राहिले, तो आकडा खरा. मी आता वही ठेवतो. एका जागी अर्धा तास थांबायचं, वीस माणसं मोजायची, त्यातली किती नवी वस्तू वापरतात ते तारखेसह लिहायचं. तीन महिन्यांनी तीच जागा, तीच वेळ. जागा मात्र अशी निवडा, जिथं खोळंबा झाला तर माणसाची त्या दिवसाची कमाई बुडते: हातगाडी, रिक्षा स्टँड, पिठाची गिरणी. हौशी मित्राला विचारू नका. इंजिनीअर भाच्यालाही नको. त्यांना नव्या वस्तूचा आनंद असतो, पण ती बिघडली म्हणून त्यांच्या घरची चूल अडत नाही. पेरूवाल्याची अडते. त्यानं गिऱ्हाईक नसतानाही क्यूआरवरची धूळ पुसली, तर समजा वस्तू मुक्कामाला आली.

५. आधी एकच नग घ्या

बुडाला तरी झोप उडणार नाही एवढ्याच पैशांचा.

सध्या माझ्या वहीत एआयचं पान चालू आहे. शेजारच्या डीटीपीवाल्याकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. मार्चमध्ये वीसपैकी तीन अर्जांचा मसुदा त्यानं एआयकडून काढला होता, जूनमध्ये सात. पण ते सध्या फुकट आहे, म्हणून समोर मी पेन्सिलनं 'कच्चं' लिहून ठेवलंय. त्याला पैसे भरावे लागतील, त्या महिन्यात पुन्हा मोजणार आहे.